वेळेत पोचणाऱ्यांचा इतिहास

स्मरणिकेसाठी ‘तुझ्या त्या सायकलच्या वेडाबद्दल लिही’ असा संपादक मंडळाचा निरोप आला. वेड माझं असलं तरी त्यामागचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे. तोच आधी सांगतो. आपल्या इतिहासाच्या सरांनाही ते आवडेल.

१८९१ साली फ्रान्समध्ये ‘ल पेती जुर्नाल’ या वृत्तपत्राच्या पिएर जिफार या संपादकाने पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत पॅरिसला यायची सायकल शर्यत जाहीर केली. अंतर सुमारे १२०० किलोमीटर. रस्ते कच्चे, सायकली जड. दोनशेहून जास्त जण निघाले, त्यातले जवळपास निम्मे परत पोचले. शार्ल तेराँ हा पहिला आला, ७१ तास २२ मिनिटांत. प्रतिस्पर्धी झोपलेला असताना तो पुढे निघून गेला होता. काहीजण मात्र कितीतरी दिवसांनी पोचले.

ही शर्यत इतकी दमवणारी होती की ती दहा-दहा वर्षांनी भरे. १९३१ साली ऑस्ट्रेलियाच्या ह्यूबर्ट ऑपरमनने ती ४९ तास २३ मिनिटांत जिंकली. पण व्यावसायिक खेळाडूंचा उत्साह ओसरत गेला आणि १९५१ नंतर त्यांची शर्यत पुन्हा झालीच नाही. तरीही पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आजही दर चार वर्षांनी होते, कारण साध्या, हौशी सायकलस्वारांनी ती जिवंत ठेवली. १९०४ साली स्थापन झालेल्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या संस्थेने १९२१ पासून एक वेगळी पद्धत रुळवली. तिचं नाव ब्रेव्हे. यात पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत कापायचं, एवढंच. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. वाटेतल्या ठाण्यांवर कार्डावर शिक्का घ्यायचा. झोप, जेवण, पंक्चर, सगळं त्याच वेळेत. हे चारही टप्पे एकाच मोसमात, म्हणजे १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर या काळात पुरे केले की ‘सुपर रँदोनर’ म्हणतात. भारतात ही पद्धत रुजवण्यात पुण्याच्या दिव्या ताटे यांचा मोठा वाटा आहे.

आता माझी गोष्ट. २०१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, मी सुपर रँदोनर व्हायचं ठरवलं. रोज पहाटे कात्रजचा घाट, रविवारी शंभर किलोमीटर. २०० झाले. ३०० ला मात्र सुरुवातीलाच जोशात वेगाने सायकल हाणली, खाल्लं काहीच नाही. दोनशेच्या पुढे पायांत गोळे आले, त्यात दोन पंक्चर. पोचलो तेव्हा वीस तास आणि वर पंचवीस मिनिटं झाली होती. कार्ड बाद.

ते कार्ड हातात घेऊन बसलो होतो तेव्हा मला गणिताचा पेपर आठवला. वर्गातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल, पण १९८६ च्या मार्चमध्ये मी दहावीला गणितात नापास झालो. ३५ हवे होते, ३१ मिळाले. तुम्ही सगळे कॉलेजात गेलात. मी वाईतच राहिलो आणि भाड्याच्या सायकलवर धोमच्या रस्त्याला एकटाच फिरत बसलो. आपले वर्गशिक्षक घरी आले, ऑक्टोबरचा फॉर्म समोर बसून भरून घेतला आणि तीन महिने संध्याकाळी शिकवलं. मी सुटलो. पण ‘८६ ची बॅच’ म्हणताना जीभ अडखळायची. मागचे दोन मेळावे मी काम आहे म्हणून टाळले, ते त्यामुळेच.

पुढच्या पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर घसरून कॉलरबोन मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. मग २०२० चं लॉकडाऊन, सगळ्या ब्रेव्हे बंद. गॅलरीत सायकल स्टँडवर लावून घाम गाळला. या काळात तीन गोष्टी शिकलो : तासाला काहीतरी खायचं, सीटची उंची नीट लावायची नाहीतर गुडघा बोलतो, आणि चढावर दुसऱ्याकडे बघायचं नाही.

२०२१-२२ च्या मोसमात २००, ३००, ४०० झाले. ६०० ची वाट पुण्याहून निपाणीच्या पुढे जाऊन परत. शनिवारी सकाळी सहाला निघालो. रविवारी दुपारी चार वाजता सुरूर फाट्यावर आलो तेव्हा हातात सहा तास होते आणि ऐंशीहून जास्त किलोमीटर बाकी. फाट्यावर आपल्याच वर्गातला मित्र थर्मास घेऊन उभा. (नाव लिहू नकोस, असं त्याने बजावलंय.) मी म्हटलं, “अरे, चहा घेता येणार नाही. ठाणं सोडून वाटेत ओळखीच्या माणसाची मदत घेतली तर बाद करतात.” तो क्षणभर बघत राहिला. मग त्याने माझ्यासमोर दोन्ही कप स्वतःच प्यायले आणि म्हणाला, “ऑक्टोबरला सुटलास ना? मग हेही सुटेल. नीघ आता.”

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. पस्तीस वर्षं कुणी कधी बोललं नव्हतं, एवढंच.

खंबाटकीचा बोगदा, मग कात्रजचा शेवटचा चढ. रात्री नऊ वाजून पस्तीस मिनिटांनी शिक्का पडला. एकोणचाळीस तास पस्तीस मिनिटं. माझ्या आधी आठ तास पोचलेल्याच्या आणि माझ्या प्रमाणपत्रात काडीचाही फरक नाही.

सरांना दाखवायला मी ते कार्ड मेळाव्याला आणणार आहे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता गणपती घाटावरून मेणवलीला सायकलने जाऊ. ज्याला यायचं त्याने यावं. वेळेचं बंधन नाही, आणि चहा घ्यायला पूर्ण परवानगी आहे.