नारू गेला, पाणी राहिलं

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण त्याआधीच, जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला होता. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशाला नारूमुक्त म्हणून प्रमाणित केलं. म्हणजे जिल्हा म्हणून हिंगोलीने नारू पाहिलाच नाही. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीने मात्र तो पायातून निघताना पाहिला आहे: आधी आग होणारा फोड, मग पांढऱ्या दोऱ्यासारखं तोंड, आणि काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढायचा हातभर लांब जंत. मध्येच तुटला तर पाय सुजायचा, पिकायचा, कधी कायमचा अधू व्हायचा.

या रोगाचं घर होतं पायऱ्यांची विहीर, आपली बारव. माणूस घागर घेऊन पायऱ्या उतरायचा आणि गुडघाभर पाण्यात उभा राहायचा. पायातली मादी पाणी लागताच हजारो अळ्या सोडायची. त्या अळ्या सायक्लॉप्स नावाचा बारीक जलकीटक खायचा आणि तोच पाण्याबरोबर दुसऱ्याच्या पोटात जायचा. वर्षभराने त्याच्या पायाला फोड यायचा. सायक्लॉप्सचं हे काम रशियन शास्त्रज्ञ फेदचेन्को यांनी १८७० मध्येच दाखवलं होतं. तरीही नारूला मारणारं औषध शेवटपर्यंत मिळालं नाही, आणि लसही नाही.

मग तो गेला कसा? १९८३-८४ पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत पाणी फडक्याने गाळायला शिकवलं, विहिरींत टेमेफॉस टाकलं, पायऱ्या बंद करून रहाट-दोराची सोय केली आणि हातपंप बसवले. त्या हातपंपाचा वंशही आपल्याकडचाच. जालन्याच्या मिशनने विंधनविहिरींसाठी मजबूत पोलादी पंप बनवला, त्यावरून सोलापूर पंप आला आणि त्याच्या धर्तीवर युनिसेफच्या मदतीने सत्तरच्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ घडला. एका वाक्यात सांगायचं तर माणसाचा पाय पाण्यातून बाहेर काढला आणि नारू संपला.

पण ज्यांचं पोटच पाण्यात उतरण्यावर आहे, त्यांचं काय? नारूच्या विजयकथेत हा प्रश्न येत नाही. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर, पैनगंगेवर इसापूर अशी धरणं झाली आणि नदीकाठचे भोई जलाशयावर मासेमारी करू लागले. होडी नसेल तर थर्माकोलचा तराफा किंवा ट्रकची ट्यूब. तिच्यावर बसायचं, पाय पाण्यात सोडायचे आणि जाळं लावायचं. या माणसाला हातपंपाने पिण्याचं पाणी दिलं, पण त्याचे पाय पाण्यातच राहिले.

आणि पाण्यातले सगळे जंत तोंडावाटे येत नाहीत. १९५२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात गाडगीळ आणि शहा या संशोधकांना लघवीतून रक्त जाणारे रुग्ण आढळले. रोग होता शिस्टोसोमियासिस, म्हणजे बिल्हार्झिया. तोवर आफ्रिका आणि पश्चिम आशियाचा समजला जाणारा. रुग्णाच्या लघवीतून अंडी पाण्यात जातात, त्यांतल्या अळ्या गोगलगायीत वाढतात आणि बाहेर पडून पाण्यात उभ्या माणसाच्या कातडीतून काही मिनिटांत आत शिरतात. गिमवीत हे काम करत होती ‘फेरिसिया टेनुइस’ ही टोपीसारख्या शंखाची चिमुकली गोगलगाय. इथे पाणी गाळून उपयोग नाही, उकळून प्यायलं तरी नाही.

हा रोग देशभर पसरला नाही, आणि हिंगोलीत तो आहे असं मी म्हणत नाही. पण गुराढोरांचे शिस्टोसोमा भारतात मुबलक आहेत. म्हशी डुंबतात त्याच पाण्यात उतरणाऱ्याच्या कातडीत त्यांच्या अळ्या शिरतात, तिथेच मरतात आणि मागे पुरळ नि खाज ठेवून जातात. मासेमाराला ती रोजचीच. ‘चिखल्या झाल्या असतील’ म्हणून तो तेल लावतो आणि पुन्हा पाण्यात उतरतो. आपल्या भाषेत ‘पाणी बाधलं’ म्हणतात तेही प्यायलेलं पाणी. ज्यात उभं राहिलो ते पाणी बाधू शकतं, ही कल्पनाच रुजलेली नाही.

नारूच्या वेळी ती रुजवावी लागली नाही. फोड सगळ्यांना दिसत होता. फक्त त्याचं मूळ विहिरीत आहे, हे पटवायचं होतं. बिल्हार्झियात जखम दिसत नाही. अंडी सापडतात ती लघवीचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावरच. सापडली तर प्राझिक्वान्टेल हे गोळीचं औषध आहे, म्हणजे नारूपेक्षा आपण इथे सुदैवी. पण ती तपासणी करावी असं डॉक्टरच्या मनात यायला त्याने आधी एक साधी गोष्ट विचारायला हवी: काम काय करता, आणि दिवसातला किती वेळ पाण्यात असता?