दागिने देणारं तळं

आज आपण मालवण तालुक्यातल्या धामापूरला जाऊ या. कुडाळहून नेरूरपारमार्गे मालवणला येताना वाटेत धामापूरचा तलाव लागतो. भोवती झाडीचे डोंगर, मध्ये पाणी आणि काठाला भगवती देवीचं देऊळ. देवळाच्या पायऱ्या पाण्याकडे उतरतात.

हा तलाव माणसांनी बांधलेला आहे. विजयनगरच्या राजांचे मांडलिक नागेश देसाई यांनी तो १५३० मध्ये बांधला. तेव्हा शिवरायांच्या जन्माला अजून शंभर वर्षं होती. सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम सुरू झालं १६६४ मध्ये. म्हणजे आपल्या जलदुर्गापेक्षाही हे तळं जुनं.

आपल्याकडे पाऊस धो धो पडतो, पण जमीन उताराची. पाणी वहाळातून खाडीला आणि खाडीतून समुद्राला जातं. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसतो, तेव्हा घागर कोणाच्या डोक्यावर असते, हे आपल्याला सांगायला नको. त्या लोकांनी डोंगरांच्या मधे मातीचा बांध घालून हे पाणी अडवलं. तेव्हा यंत्रं नव्हती. माती टोपलीनंच वाहिली असणार, आणि त्या टोपल्यांना बायकांचे हात लागले नसतील, असं आम्हाला वाटत नाही. इतिहासात नाव मात्र एका देसायांचंच राहिलं.

बायका राहिल्या त्या दंतकथेत. गावात लग्न निघालं आणि घरात सोनं नसलं, की बाई फुलांनी भरलेली परडी घेऊन तळ्यावर यायची. देवीला गाऱ्हाणं घालून परडी पाण्यात सोडायची. परडी बुडायची आणि वर यायची ती दागिन्यांनी भरून! लग्न झालं की दागिने तळ्याला परत करायचे, एवढीच अट. पुढे कोणीतरी लोभानं ते ठेवून घेतले. त्या दिवसापासून परडी रिकामीच राहिली.

ही कथा खरी की खोटी, यावर वाद घालण्यापेक्षा ती काय सांगते ते पाहू. दागिन्यावाचून लेकीचं लग्न अडतं आणि सावकाराच्या दारात गेलं तर शेत गहाण पडतं, ही भीती त्या बायकांना होती. म्हणून त्यांनी देवीला बिनव्याजी देणारी केलं. आणि एकीनं बुडवलं, तर सगळ्यांचंच बंद होतं, हा हिशेब तर आपल्या बचत गटातल्या प्रत्येकीला पाठ आहे.

तळ्याचं खरं सोनं म्हणजे पाणी. जवळपास पाचशे वर्षं ते शेतांना आणि बागांना मिळत आलं आहे. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगानं या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान दिला. आंध्रातल्या कंबम आणि पोरुमामिल्ला या जुन्या तलावांनाही त्याच वर्षी तो मिळाला.

पाणीही उसनंच घेतलेलं असतं. डोंगरावरची झाडी तोडली, तर पावसाबरोबर माती तळ्यात येते, गाळ साचतो आणि पाणी कमी होतं. तेव्हा देवीच्या दर्शनाला जाल तर ओटी भरा, फुलं वाहा, पण प्लॅस्टिकची पिशवी घरी परत आणा.

उसनं देणाऱ्या तळ्यांच्या गोष्टी इतर गावांतही सांगतात. कुठे दागिने, तर कुठे लग्नाची भांडी. तुमच्या गावात अशी गोष्ट असेल, तर आजीकडून ऐकून वहीत लिहून ठेवा आणि गटाच्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवा.