हरळी, दूर्वा आणि हिरवळ

विल्यम रॉबिन्सन यांनी आल्प्सची फुले इंग्लंडच्या बागेत कशी वाढवावीत यावर लिहिलेले पुस्तक १८७० साली लंडनमध्ये निघाले. पुढे १९१९ साली रेजिनाल्ड फॅरर यांचा ‘द इंग्लिश रॉक गार्डन’ हा दोन खंडांचा ग्रंथ आला आणि भुईसरपट वाढणाऱ्या, दगडाच्या फटीत गादीसारख्या पसरणाऱ्या बहुवर्षायू वनस्पतींचे वेड इंग्रज मध्यमवर्गात घट्ट रुजले. परभणीत बसून असली पुस्तके वाचण्यात एक विचित्र मौज असते. त्या झाडांना हिवाळाभर बर्फाचे पांघरूण हवे, मुळांशी गारवा हवा आणि पाणी क्षणभरही थांबू न देणारी खडीची माती हवी. आमच्याकडे यातले काहीच नाही. आहे ती काळी, चिकण जमीन. पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की हातभर काठी सहज आत जावी. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो. आल्प्सचे रोप येथे लावणे ही हौस नव्हे, क्रौर्य होय.

मग भुई झाकणारी, वर्षानुवर्षे टिकणारी, पायदळी तुडवली तरी न मरणारी आपली वनस्पती कोणती? उत्तर इतके जवळ आहे की ते बागेच्या पुस्तकात शोधावेसे कुणाला वाटत नाही. ती हरळी. देवघरात तिचेच नाव दूर्वा, बंगल्याच्या अंगणात हिरवळ किंवा लॉन. लिनियसने १७५३ साली तिला ‘पॅनिकम डॅक्टिलॉन’ म्हटले आणि १८०५ साली पर्सून याने तिला ‘सायनोडॉन’ या कुळनावाखाली आणले. सायनोडॉन म्हणजे कुत्र्याचा दात, डॅक्टिलॉन म्हणजे बोट. बोट वरच्या तुऱ्यात दिसते. दात मात्र खाली, जमिनीतल्या खोडाच्या टणक, अणकुचीदार कोंबांत आहे. मुंबई इलाख्यातील इंग्रज अधिकाऱ्यांनी शेतीवर लिहिताना आपल्या शब्दाचेच ‘हरियाली ग्रास’ करून टाकले.

एकाच गवताची ही तीन नावे तीन वेगळ्या इतिहासांची आहेत, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी त्यांतल्या दोहोंकडेच पाहिले आहे, असे आमचे मत आहे.

पहिला इतिहास दूर्वेचा. यजुर्वेदातील एका मंत्रात दूर्वेचे वर्णन कांडामागून कांड, पेरामागून पेर फुटत जाणारी असे आहे आणि तशीच आपली संतती विस्तारावी अशी प्रार्थना तेथे आहे. हे निरीक्षण अचूक आहे. हरळी बीजापेक्षा पेरावरच अधिक वाढते. दोन गाठींचा तुकडा ओल्या मातीत पडला की नवे रोप उभे राहते. अनलासुराला गिळल्यावर गणपतीच्या अंगाचा झालेला दाह एकवीस दूर्वांनी शमवल्याची कथा घरोघर ठाऊक आहे. दाह आणि शीतलता यांचा हा संबंध उष्ण प्रदेशाच्या कल्पनाशक्तीला सुचावा हे स्वाभाविकच.

दुसरा इतिहास हिरवळीचा. एडविन बडिंग याने १८३० साली गवत कापण्याचे यंत्र बनवले आणि सपाट कापलेले गवत ही इंग्रज बागेची खूण ठरली. कर्झन यांच्या काळात ताजमहालाच्या बागेचेही रूप पालटले. दाट फळझाडे आणि फुलझाडे जाऊन तेथे मोकळी हिरवळ आली. मराठीत बालकवींनी ‘फुलराणी’त गवताला गालिच्याची आणि मखमालीची उपमा दिली. वाचकांनी हे दोन्ही शब्द जरा थांबून पाहावेत. एक फारसी, दुसरा अरबी वळणाचा; दोन्ही दरबाराच्या, बैठकीच्या, घराच्या आतले. वेदातल्या ऋषीला पेर दिसले, आधुनिक कवीला पृष्ठभाग दिसला. यात बालकवींचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. पण गवताकडे वरून पाहण्याची सवय आपल्या रसिकतेला तेथून लागली आणि ती अजून सुटलेली नाही.

तिसरा इतिहास हरळीचा, आणि तो जमिनीखालचा आहे. काळ्या रानात हरळी कंबरभर खोल जाते. तिच्यासोबत कुंदा आला की ते शेत पडीक पडल्यातच जमा. दख्खनच्या शेतकऱ्याजवळ उपाय दोनच होते. एक, सहा-आठ बैलांचा जड लाकडी नांगर. तो ज्याच्या दावणीला तितके बैल त्याच्यासाठी, किंवा शेजाऱ्यांच्या सावडीने. दुसरा, ऐन उन्हाळ्यात कुदळीने ढेकळे उलटून काड्या वेचायच्या, वाळवायच्या, जाळायच्या. एक गाठ राहिली तर मृगात ती पुन्हा हिरवी होणार. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल असे म्हणून शेतकरी तो घेईनात, ही हकीकत अनेकदा सांगितली जाते. शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा दाखला म्हणून ती सांगितली जाते हे आम्हाला खटकते. खोल नांगरटीने हरळी उलटते तशी तिची तुकड्या-तुकड्याने लागवडही होते. उन्हात ती वाळवली नाही तर नांगर तिचा मित्रच ठरतो. शंका अगदीच निराधार नव्हती, तिची भाषा तेवढी वेगळी होती.

तणाशी झुंज हा पुढे राष्ट्राचा विषय झाला. १९४९ साली जागतिक बँकेने भारताला जी पहिली कर्जे दिली त्यांतले एक, एक कोटी डॉलर्सचे, प्रामुख्याने मध्य भारतातील कांस या गवताने गिळलेली जमीन ट्रॅक्टरने मोडण्यासाठी होते. परभणीत १९५६ साली कृषी महाविद्यालय आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले; २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. १९७४ पासून बाजारात आलेले ग्लायफोसेट हे तणनाशक पानातून शिरून जमिनीतल्या खोडापर्यंत पोचते, म्हणून कुदळीचे काम फवाऱ्याकडे गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या वापरावर निर्बंध घातला. दरम्यान कुदळीवर ज्यांची उन्हाळी मजुरी चालत असे त्यांचे काय झाले, हा प्रश्न शेतीशास्त्राच्या कक्षेत बसत नाही आणि साहित्याने तो उचलून घेतल्याचे आम्हाला फारसे आढळले नाही. गंगाखेडच्या जनाबाईंनी जाते, उखळ आणि शेण्या अभंगात आणल्या होत्या.

आता बागेकडे परत येऊ. येथे कुणाला हिरवळ करायची असेल तर रीत अशी: उन्हाळ्यात जमीन फूटभर खणायची, तापू द्यायची, लव्हाळ्याच्या गाठी आणि जुनी हरळी काळजीपूर्वक वेचून फेकायची, शेणखत घालून सपाट करायची आणि पहिल्या पावसाबरोबर निवडक हरळीच्या काड्या टोकायच्या. घाई असेल तर काड्या बारीक तोडून शेणकाल्यात मिसळून जमिनीवर लिंपायच्या. आमच्या परसात आम्ही हे केले तेव्हा खणायला आलेल्या बाईंनी बाहेर फेकलेला आणि आत लावायचा असे दोन्ही ढीग शेजारी ठेवून, यातले टाकायचे कोणते, असे विचारले.

भाद्रपदात त्याच बाई पहाटे बांधावर दूर्वा खुडतात, एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधतात आणि ऊन चढण्याआधी ओल्या फडक्यात गुंडाळून बाजारात नेतात.