बांगडीची निशाणी

आमच्या घरात तीन पिढ्या दस्तलेखन. आजोबा मोडीत लिहीत, वडील बाळबोधीत, मी आधी टायपरायटरवर आणि मग कॉम्प्युटरवर. आजोबांच्या रुमालात बांधलेली जुनी खतं अजून माझ्याकडे आहेत. लिहिता न येणाऱ्या कुणब्याच्या नावापुढे नांगर काढलेला, बाईच्या नावापुढे बांगडी. हीच त्यांची सही, म्हणजे निशाणी. आता बांगडी म्हणजे एक गोल. तो सखूचा की सोनूचा, हे कागद कसा सांगणार? ते सांगायचं साक्षीदारांनी, आणि साक्षीला बसलेले सगळे भाऊबंद!

अंगठा आला तो याच दुखण्यावर उतारा म्हणून. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. पुढे १८७७ मध्ये हुगळीला त्याने पेन्शनर आणि नोंदणीचे दस्त यांच्यासाठी बोटांचे ठसे सुरू केले. पेन्शनर वारला तरी त्याच्या नावाने पैसे उचलले जाण्याची भीती होती. मेलेल्याचं नाव चालवायला घरच्यांपेक्षा सोयीचं कोण?

आमच्याकडे बहिणीच्या नावाची चोरी मात्र बरीच उशिरा सुरू झाली. तिला हिस्साच नव्हता, तोवर तिचा अंगठा हवा कुणाला? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वारस केलं. वडिलोपार्जित मिळकतीत तिला जन्माने हक्क महाराष्ट्रात १९९४ साली मिळाला, देशभर २००५ साली. हक्क आला तसं हक्कसोडपत्र आलं. बहुतेक बहिणी माहेर तुटू नये म्हणून स्वतःहून सही करतात. जिथे बहीण तयार नसते, तिथे दुसरीच बाई उभी राहते.

असा एक दस्त माझ्या डोळ्यांदेखत झाला. नणंदेच्या जागी भावजय आली होती. बापाचं नाव, सासर, वय, गट नंबर, सगळं तोंडपाठ. परका तोतया इथेच अडखळला असता. ओळख पटवायला दोन ओळखदार लागतात. एक चुलतभाऊ, दुसरा शेजारी. दस्त करून देणारी व्यक्ती तीच आहे, याची खात्री करून घेणं १९०८ च्या नोंदणी कायद्याने नोंदणी अधिकाऱ्यावर टाकलंय. पण त्या बिचाऱ्याने ओळखायचं कुणाच्या भरवशावर? २००१ च्या दुरुस्तीने दस्तावर फोटो आणि बोटांचे ठसे सक्तीचे केले. माझ्या मते त्याने चोरी थांबली नाही, पकडणं सोपं झालं. भावजयीचा अंगठा दस्तावर राहिला होता, त्यानेच पुढे ती सापडली.

तोतयेगिरीला त्याच कायद्याच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. तरी फसलेली बहीण पोलिसांत जायला कचरते, कारण फिर्याद सख्ख्या भावावर करायची असते. गाव तिलाच नावं ठेवतं. मला विचाराल तर नावं ठेवून घ्यावीत आणि फिर्याद द्यावी.

माहेरी जमीन असेल तर वर्षातून एकदा सातबारा काढून पाहा. वडील गेल्यावर तलाठ्याकडे वारस नोंदीत आपलं नाव लागलंय का ते विचारा. फेरफाराच्या नोटिसा ‘आपली चावडी’वर घरबसल्या दिसतात, हरकत मुदतीत आणि लेखीच द्या, पोच घ्या. खोटा दस्त आधीच झाला असेल तर त्याची नक्कल काढून वकील गाठा. दस्त रद्द करून घेण्याच्या दाव्याला तो प्रकार कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, आणि भाऊबीजेला विषय काढू म्हणता म्हणता ती सरते.