टोन कंट्रोल, गिटार पेडलमधील

टोन कंट्रोल : गिटारच्या विद्युत् संकेतातील खर्ज व तार कंप्रतांचे प्रमाण रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या साहाय्याने बदलणारे मंडल (पहा : कपॅसिटर, कंप्रता).

उगम : हे मंडल रेडिओ व ध्वनिवर्धकांतून पेडलमध्ये आले. पीटर बॅक्सँडल यांनी १९५२ मध्ये खर्ज व तार स्वतंत्रपणे कमीजास्त करणारी रचना प्रसिद्ध केली. पेडलमध्ये मात्र बहुधा एकाच खुंटीची (फिरवून बदलता येणाऱ्या रेझिस्टरची) साधी मंडले रूढ झाली.

वैशिष्ट्ये : रेझिस्टरचा रोध आणि कपॅसिटरची धारिता यांचा गुणाकार जितका मोठा, तितकी छेद-कंप्रता (जिच्यापलीकडे संकेत क्षीण होऊ लागतो ती सीमा) खाली उतरते. ‘ट्यूब स्क्रीमर’ या पेडलमध्ये १ किलोओहम व ०.२२ मायक्रोफॅरड ही जोडी सुमारे ७२० हर्ट्झच्या वरचे स्वर सौम्य करते. या रेझिस्टरवर रोध दर्शवणाऱ्या तपकिरी, काळा, तांबडा अशा रंगीत पट्ट्या असतात. तिसरी पट्टी नारिंगी असेल, तर रोध दहापट होतो आणि त्या जोडीची सीमा ७२ हर्ट्झपर्यंत घसरते.

‘रॅट’ या पेडलमध्ये १.५ किलोओहमचा स्थिर रेझिस्टर आणि १०० किलोओहमची खुंटी एकापाठोपाठ असतात. ३.३ नॅनोफॅरड कपॅसिटरसह सीमा सुमारे ३२,००० पासून ४७५ हर्ट्झपर्यंत सरकते. स्थिर रेझिस्टर वरची मर्यादा ठरवतो.

‘बिग मफ’ या पेडलमध्ये खर्ज व तार यांच्या दोन वाटा खुंटीवर मिसळतात, मधल्या कंप्रता दबतात.

महत्त्व : एक रेझिस्टर बदलून पेडलचा स्वरपोत बदलता येतो. असे सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील बाजारात मिळतात (पहा : रेझिस्टर, ध्वनिवर्धक).