कोणती केळी?

रावेरला आमच्या घरी गुडघेदुखीची गोळी आणि केळं बरोबरच निघायचं. "अहो, रिकाम्या पोटी नको, आधी केळं खा," म्हणत आई घडातलं सगळ्यांत पिवळं फळ वडिलांच्या हातावर ठेवायची. तरी एके दिवशी त्यांना डांबरासारखी काळी शौचाला झाली आणि जठरातला व्रण कळला. मी तेव्हा औषधनिर्माणशास्त्र शिकत होते.

अशा वेदनाशामक गोळ्यांपैकी अ‍ॅस्पिरिन १८९९ साली बाजारात आलं. ते जठराचं अस्तर सोलवटतं, हे १९३८ मध्ये डाउथवेट आणि लिंटॉट यांनी रुग्णांच्या पोटात दुर्बीण घालून पाहिलं. कारण कळायला १९७१ उजाडलं. जठराला सांभाळणारी प्रोस्टाग्लँडिन्स ही गोळी तयारच होऊ देत नाही, हे जॉन व्हेन यांनी दाखवलं.

मधल्या काळात, १९६३ साली, सन्याल, गुप्ता आणि चौधरी यांचा केळ्यावरचा लेख आला. सांधेदुखीवरच्या फिनाइलब्युटाझोनने गिनीपिगच्या जठराला व्रण पडत. केळं दिलेल्या प्राण्यांना ते कमी पडले. पुढे १९८४ मध्ये बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन विद्यापीठात बेस्ट, लुईस आणि नासर यांनी उंदरांना अ‍ॅस्पिरिन देऊन हेच तपासलं. आधी दिलेल्या केळ्याच्या पुडीने व्रण टळले, नंतर दिलेल्या पुडीने पडलेले व्रण भरूनही आले. अर्क काढत काढत त्यांनी मूळ पुडीच्या ३०० पट प्रभावी द्रव्य मिळवलं. १९८६ मध्ये काशी हिंदू विद्यापीठातल्या गोयल आणि सहकाऱ्यांना दिसलं की ही पूड अस्तराच्या पेशींची वाढ करते. आम्ल मारण्यापेक्षा भिंत जाड करणं, ही मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. १९९९ मध्ये त्या द्रव्याचं नावही कळलं, ल्यूकोसायनिडिन.

असे प्रयोग मी पुढे विद्यार्थ्यांकडून करून घेतले. उंदराचं जठर मोठ्या वळणाच्या कडेने उघडायचं, धुवायचं, बुचाच्या पाटीवर टाचण्यांनी ताणून बसवायचं. मग भिंगाखाली गुलाबी अस्तरावरच्या काळपट रेघा आणि ठिपके एकेक करून मोजायचे. पुडीच्या गटात मोजणी लवकर संपायची.

पण प्रयोगवहीत नुसतं 'केळी' लिहिलं की मी वही परत करायचे. अ‍ॅस्टनच्या लेखात साफ लिहिलंय की गुण फक्त कच्च्या, भाजीच्या केळ्यात सापडला. कोकणातली राजेळी त्या जातकुळीतली. आमच्या रावेरची खायची केळी वेगळी आणि पिकलेलं फळ तर आणखी वेगळं. आईचं केळं मायेचं होतं, पण ते हे औषध नव्हतं.

हे सगळे व्रण उंदरांचे आणि गिनीपिगचे होते, तेव्हा केळ्याच्या भरवशावर वेदनाशामक गोळ्या घेत राहू नका. शौचाला काळी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि घेतलेल्या प्रत्येक गोळीचं नाव सांगा.