न्यायाचा तराजू आणि शेजारधर्म

स्मरणिकेसाठी काही लिहा, असे कार्यवाहताईंनी सांगितले, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. मागे आपल्या मंडळाच्या अभ्यासवर्गात एका भगिनीने विचारले होते, "बायकोचा जीव घेणाऱ्या एकाला फाशी होते नि दुसऱ्याला जन्मठेप, हे न्यायाधीश ठरवितात तरी कसे?" त्या प्रश्नापायी मी जुने निकाल वाचले. त्यातले थोडे येथे सांगते.

आपल्या कायद्यात खुनाला शिक्षा दोनच : फाशी किंवा जन्मठेप. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे फाशी टाळावयाची तर न्यायाधीशाला कारण लिहावे लागे. १९५५ च्या दुरुस्तीने ते बंधन गेले. १९७३ च्या संहितेने तर उलटेच केले. फाशी द्यावयाची तर खास कारणे नोंदवावी लागू लागली. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही तेच तत्त्व आहे.

१९८० साली बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की फाशी केवळ दुर्मिळातील दुर्मिळ प्रसंगीच द्यावी. गुन्ह्याची तीव्रता वाढविणाऱ्या गोष्टी एका पारड्यात, ती सौम्य करणाऱ्या दुसऱ्यात. हा आरोपी पूर्वी पत्नीच्या खुनाबद्दल शिक्षा भोगून आलेला होता! पुढे १९८३ च्या मच्छीसिंग निकालात, हुंड्यापायी वधूला जाळणे किंवा पुन्हा हुंडा मिळावा म्हणून पत्नीला मारणे, हे तीव्रता वाढविणाऱ्या गोष्टींत गणले गेले.

परंतु पारड्यात वजन पडावयाचे तर आधी गुन्हा शाबीत व्हावा लागतो. डिसेंबर १९८० मध्ये दिल्लीत एक गर्भवती सून जळून मेली. १९८३ मध्ये सत्र न्यायालयाने नवरा, सासू व दीर या तिघांना फाशी सांगितली. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तिघांनाही सोडले. तेव्हा सरकारबरोबर भारतीय महिला वकील महासंघही सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ मध्ये नवरा व सासू दोषी ठरले. दिराची सुटका कायम राहिली. शिक्षा मात्र जन्मठेपेची झाली, कारण मध्यंतरी सुटका होऊन दोन वर्षे लोटली होती. तेही न्यायालयाने विचारात घेतले.

हा खटला कोणाच्या शब्दावर उभा राहिला? शेजाऱ्यांच्या. किंकाळ्या ऐकून ते धावले, तिने काय सांगितले ते त्यांनी ऐकले, आणि कोर्टात उभे राहून तेच सांगितले.

हे वाचताना मला माझीच लाज वाटली. फार वर्षांपूर्वी आमच्या चाळीत एका रात्री पलीकडच्या खोलीतून मारहाणीचा आवाज येत होता. "घरातले भांडण, आपण कशाला पडा?" म्हणून मी दार लावून घेतले. पुढे ते बिऱ्हाड दुसरीकडे गेले. त्या बाईचे काय झाले, मला ठाऊक नाही.

भगिनींनो, तराजू न्यायाधीशाच्या हाती असतो. पण कोणी दार उघडलेच नाही, तर त्यात तो घालणार काय? निदान आपल्या आळीत तरी यापुढे अशा वेळी दारे लागू नयेत, एवढीच वर्धापनदिनी प्रार्थना.